यंत्रांच्या तोंडाला कुलूप कोणी घातले?

अतिदक्षता विभागातल्या एका खाटेभोवती जेवढी यंत्रे उभी असतात, त्यांपैकी एकालाही शेजारच्या यंत्राचा पत्ता नसतो. मॉनिटर हृदयाचे ठोके, रक्तदाब आणि रक्तातला प्राणवायू मोजतो. व्हेंटिलेटर फुप्फुसांत हवा ढकलतो. चार-पाच सिरिंज पंप रक्तदाब सावरणारी, गुंगी आणणारी, वेदना मारणारी औषधे शिरेत थेंबाथेंबाने सोडत असतात. ही सगळी एकाच देहाला जोडलेली आहेत. रक्तदाब कोसळतो आहे हे मॉनिटरला कळते. पण ज्या गुंगीच्या औषधाने तो कोसळतो आहे, त्याचा पंप त्याच वेगाने चालत राहतो, कारण त्याला कोणी काही सांगितलेले नसते. सांगायचे काम एका माणसावर सोपवलेले आहे. रात्रपाळीची सिस्टर हे तिचे नाव. ती एका पडद्यावरचा आकडा वाचते, कागदावर लिहिते, दुसऱ्या यंत्रापाशी जाते, बटण दाबते, तोवर तिसऱ्या खाटेवर भोंगा वाजतो. अतिदक्षता विभागात खाटेमागे एक परिचारिका असावी हा दंडक कागदावर आहे. प्रत्यक्षात किती खाटा एकीच्या अंगावर असतात, हे ज्याने आपले माणूस तिथे ठेवले आहे त्याला विचारा.

हे असे का, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची आहेत. हे उत्तर नव्हे, ही कबुली आहे. यंत्रांना बोलता येते. बहुतेकांच्या पाठीमागे तार जोडायची खाच असते आणि आत प्रत्येक आकडा संगणकाला कळेल अशा रूपात तयार असतो. कंपनीचा तंत्रज्ञ दुरुस्तीला येतो तेव्हा लॅपटॉप जोडून तो सारे वाचतो. रुग्णालयाला मात्र ते वाचता येत नाही, कारण आकड्यांची मांडणी कंपनीने स्वतःपाशी राखून ठेवलेली असते. ती उघडायची तर वेगळा परवाना, वेगळे गेटवे आणि वेगळे बिल. ज्याच्या देहातून तो आकडा आला त्या रुग्णाचा त्यावर हक्क नाही. लाखो रुपये मोजून यंत्र विकत घेणाऱ्या रुग्णालयाचाही नाही. हक्क काय तो विकणाऱ्याचा! आमचा स्पष्ट आरोप आहे की खाटेभोवतीचे हे मौन तंत्रज्ञानाच्या अपुरेपणातून आलेले नाही. ते नफ्यासाठी राखलेले आहे, आणि ते राखू देण्याचे पाप खरेदी करणाऱ्यांच्या माथी आहे.

या मौनाने माणसे मरतात. अमेरिकेतील अ‍ॅनस्थेशिया पेशंट सेफ्टी फाउंडेशनच्या वार्तापत्रात २००५ च्या सुमारास एक प्रकरण छापून आले. ३२ वर्षांच्या एका स्त्रीवर दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया चालू होती. पित्तनलिकेचे क्ष-किरण चित्र घ्यायचे होते. श्वासाने छाती-पोट हलले तर चित्र धूसर येते, म्हणून भूलतज्ज्ञाला व्हेंटिलेटर थोडा वेळ थांबवायला सांगण्यात आले. त्याने थांबवला. चित्र निघाले. टेबलाखाली सरकवलेली फिल्मची पाटी तंत्रज्ञाला बाहेर काढता येईना, म्हणून भूलतज्ज्ञ मदतीला धावला. त्या गडबडीत व्हेंटिलेटर पुन्हा सुरू करायचा राहून गेला. लक्षात आले तेव्हा उशीर झाला होता; ती बाई वाचली नाही. पित्ताशयाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आलेली, ३२ वर्षांची बाई.

आपली पहिली प्रतिक्रिया भूलतज्ज्ञाला दोष देण्याची असते. त्याला शिक्षा करा, निलंबित करा, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या शस्त्रक्रियागृहात तेच घडण्याची वाट पाहा. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ ज्युलियन गोल्डमन यांनी वेगळा प्रश्न विचारला: व्हेंटिलेटर थांबवावाच का लागावा? दोन श्वासांच्या मध्ये फुप्फुसे क्षणभर स्थिर असतात, आणि तो क्षण कधी येणार हे व्हेंटिलेटरला नेमके माहीत असते. क्ष-किरण यंत्राला त्याने तेवढे कळवले तर त्या क्षणी चित्र निघेल. काहीच थांबवायचे नाही, म्हणजे पुन्हा सुरू करायचे विसरण्याचा प्रश्नच उरत नाही. गोल्डमन यांनी २००४ मध्ये सुरू केलेल्या ‘मेडिकल डिव्हाइस प्लग अँड प्ले’ या उपक्रमाने हे नुसते सांगितले नाही, दोन यंत्रे जोडून दाखवले. या गोष्टीला आता दोन दशके झाली. तुमच्या-आमच्या जिल्ह्यातल्या शस्त्रक्रियागृहात आजही भूलतज्ज्ञ हाताने व्हेंटिलेटर थांबवतो आणि स्वतःच्या स्मरणशक्तीवर एका जिवाचा भार पेलतो.

दुसरे उदाहरण याहून नेहमीचे आहे. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या हाती एक बटण देतात. दुखू लागले की दाबावे. पंप मॉर्फिनसारख्या औषधाची ठरावीक मात्रा सोडतो. मात्रा जास्त झाली की श्वास मंदावतो, आणि झोपलेला माणूस तसाच निघून जातो. कधी कधी रुग्ण झोपलेला असताना मायेपोटी नातेवाईकच बटण दाबतात. वास्तविक गाढ झोपलेला रुग्ण बटण दाबू शकत नाही, हाच या पंपाचा मोठा सुरक्षा-बंध होता. तो तिथे सुटतो. त्याच रुग्णाच्या बोटाला पल्स ऑक्सिमीटरचा चिमटा असतो, नाकापाशी कार्बन डायऑक्साइड मोजणारी नळी असू शकते. श्वास मंदावल्याचे त्यांना कळते. पण ज्याला हे कळायला हवे त्या पंपाला ते कळवण्याची सोय नाही. नाकाला ऑक्सिजन लावलेला असेल तर धोका आणखी वाढतो. श्वास घटूनही बोटावरचा आकडा बराच वेळ चांगला दिसत राहतो, आणि तो खाली येतो तेव्हा हाती फार थोडा अवधी उरलेला असतो. दोन-तीन मोजमापे एकत्र तपासून पंपाने स्वतःहून थांबावे, हा उपाय इतका उघड आहे की तो प्रत्येक रुग्णालयात का नाही याचा जाब विचारताना संताप आवरत नाही.

भोंग्यांबद्दलही बोलले पाहिजे, कारण अतिदक्षता विभागात पाऊल टाकणाऱ्याच्या कानावर पहिले तेच आदळतात. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशनने एप्रिल २०१३ मध्ये एक इशारा प्रसिद्ध केला. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात तिच्याकडे भोंग्यांशी निगडित ९८ गंभीर घटना नोंदवल्या गेल्या होत्या, आणि त्यांतल्या ८० घटनांत रुग्ण दगावला होता. त्याच इशाऱ्यात म्हटले होते की वाजणाऱ्या भोंग्यांपैकी ८५ ते ९९ टक्के भोंग्यांना कोणतीही कृती करण्याची गरज नसते. म्हणजे शंभरातले बहुतेक खोटे. छातीवरचे एक इलेक्ट्रोड सुटले की मॉनिटर हृदय थांबल्याचे ओरडतो, आणि त्याच क्षणी बोटावरचा चिमटा नाडी व्यवस्थित चालू असल्याचे दाखवत असतो. या दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या तर कोणालाही कळेल की तार सुटली आहे. पण प्रत्येक यंत्र आपल्यापुरते पाहते आणि आपल्यापुरते ओरडते. सतत ओरडणाऱ्या खोलीत माणसाचा कान मरतो. मग खरा भोंगा वाजतो तेव्हा त्या कानाला दोषी धरून चौकशी समिती बसवली जाते. समितीपुढे उभ्या राहणाऱ्या परिचारिकेची बाजू आम्ही घेतो. तिला बहिरे करणारी व्यवस्था समितीपुढे कधी उभी राहत नाही.

करोनाच्या पहिल्या लाटेत, २०२० मध्ये, अमेरिकेतल्या रुग्णालयांनी एक गोष्ट केली ती आठवावी. पंपाचे बटण दाबण्यापुरतेही परिचारिकांना संसर्गाच्या खोलीत जावे लागू नये म्हणून लांबलचक नळ्या जोडून पंपच खोलीबाहेर व्हरांड्यात आणून ठेवले. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात औषधाची नळी लांबवणे सोपे होते आणि माहितीची तार जोडणे अशक्य! आमच्याकडे तर पीपीई किटमध्ये घामाने निथळत परिचारिका प्रत्येक आकडा वाचायला आणि प्रत्येक भोंगा बंद करायला खाटेपाशी गेल्या. त्यांतल्या कितीतरी स्वतः आजारी पडल्या, काही परत आल्या नाहीत. त्यांच्या त्यागाचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा तरी विचारले का, की या फेऱ्यांतल्या किती फेऱ्या एका तारेने वाचल्या असत्या?

आणि हे सारे कशामुळे? सर्वमान्य भाषा अस्तित्वात नाही म्हणून? ती आहे. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या एलडीएस रुग्णालयात रीड गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खाटेजवळची यंत्रे संगणकाला जोडण्याचे काम फार पूर्वी हाती घेतले, आणि १९८० च्या दशकातच ‘मेडिकल इन्फर्मेशन बस’ या नावाने सामाईक मानक घडवायला सुरुवात झाली. त्यातून आयईईई १०७३ आणि पुढे आयएसओच्या मान्यतेने आयईईई ११०७३ ही मानकांची मालिका उभी राहिली. २००९ मध्ये एएसटीएम एफ२७६१ या मानकाने एका खाटेभोवतीच्या यंत्रांचा मेळ कसा घालावा याचा आराखडा दिला. त्यात यंत्रांना जोडणारा नियंत्रक आहे, नियम चालवणारा पर्यवेक्षक आहे, आणि विमानातल्या ब्लॅक बॉक्सप्रमाणे प्रत्येक घडामोड वेळेसह टिपणारा नोंदकही आहे. जर्मनीत सरकारी निधीवर २०१२ ते २०१६ या काळात ओआर.नेट हा प्रकल्प चालला. त्या कामातून ११०७३ च्या कुळातच एसडीसी नावाची नवी मानके आली. ती पाळणारी यंत्रे जाळ्यात शिरताच एकमेकांना शोधतात, ओळख पटवतात, आपण काय मोजतो आणि काय करू शकतो ते सांगतात, आणि सारा संवाद कूटबद्ध ठेवतात. ती अमलात आणणारी अनेक सॉफ्टवेअरे मुक्त स्रोतात लिहिलेली, कोणालाही वापरायला खुली आहेत.

या मानकांतले एक काम वरवर रूक्ष वाटते. आमच्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे. ११०७३-१०१०१ या भागात प्रत्येक मोजमापाला एक ठाम क्रमांक दिलेला आहे. पल्स ऑक्सिमीटरने मोजलेल्या प्राणवायूच्या पातळीचा क्रमांक १५०४५६. ईसीजीवरून मोजलेल्या हृदयाच्या ठोक्यांचा १४७८४२. बोटावरून मोजलेल्या नाडीचा १४९५३०. शेवटच्या दोघांना वेगळे क्रमांक कशाला, ठोके आणि नाडी एकच ना? नाही. हृदयात विजेचे संदेश नियमित उमटत असतात, ईसीजीची रेघ नीटस दिसते, पण स्नायू रक्त ढकलत नाही आणि नाडी लागत नाही, अशी अवस्था असते आणि ती हृदय बंद पडल्यासारखीच प्राणघातक असते. ज्या संगणकाने दोन्ही आकडे ‘हार्ट रेट’ या एकाच खान्यात ओतले, त्याला समोरचा रुग्ण जाताना दिसणारच नाही. प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने नावे ठेवायची आणि कुणा तंत्रज्ञाने अंदाजाने ती जुळवायची, हा खेळ किती भयंकर आहे ते यावरून कळावे.

घड्याळांचा गोंधळ याच जातीचा. मॉनिटरचे घड्याळ एक सांगते, पंपाचे दुसरे, डिफिब्रिलेटरचे तिसरे, भिंतीवरचे चौथे. हृदय बंद पडलेल्या रुग्णावर अर्धा तास झुंज दिली जाते, आणि नंतर कागद लिहिताना औषध आधी दिले की झटका, रक्तदाब औषधाने पडला की पडला म्हणून औषध दिले, हे सांगता येत नाही. मिनिटांवर जिथे निर्णय होतो तिथे मिनिटेच एकमेकांशी जुळत नाहीत. मोबाइल फोनला आपोआप अचूक वेळ मिळते. लाखोंच्या यंत्राची वेळ तंत्रज्ञाने हाताने लावायची, आणि तोही वर्षा-सहा महिन्यांनी आला तर.

शंका घेणारे म्हणतील, वैद्यकात असा मेळ बसणे अवघड. त्यांनी आपल्याच रुग्णालयातल्या क्ष-किरण विभागात जाऊन यावे. १९८३ मध्ये अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना आणि यंत्रउत्पादकांची संघटना एकत्र बसल्या. १९८५ मध्ये पहिले मानक आले, १९९३ मध्ये त्याला डायकॉम हे आजचे रूप आले. आज नाशिकला काढलेला सीटी स्कॅन पुण्याच्या डॉक्टरच्या संगणकावर उघडतो, आणि स्कॅनर कोणत्या कंपनीचा हे विचारायची वेळही येत नाही. जे छायाचित्रांच्या बाबतीत घडले ते खाटेजवळच्या आकड्यांच्या बाबतीत का घडले नाही? आमचे निदान असे: क्ष-किरणतज्ज्ञ संघटित होते, खरेदीत त्यांचा शब्द चालत होता, आणि चित्र उघडले नाही तर त्यांचेच काम अडत होते. खाटेजवळ मात्र यंत्रे बोलली नाहीत तर अडते ते परिचारिकेचे, आणि तिला खरेदी समितीत कोणी विचारत नाही. तिच्या वेळेची किंमत शून्य धरली की ही सारी व्यवस्था परवडते.

मिरजेच्या वाचकांना एक जुनी गोष्ट ठाऊक असेल. एके काळी त्या जंक्शनात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज असे तिन्ही रुंदीचे रूळ येऊन मिळत. एका गाडीतला माल दुसऱ्या रुळावर जायचा तर हमालांच्या पाठीवरून. पोते तेच, मुक्काम तोच, पण रूळ जुळत नाहीत म्हणून प्रत्येक पोते माणसाने उतरवायचे आणि चढवायचे. १९९२ मध्ये देशाने एकाच रुंदीचे रूळ करण्याचा कार्यक्रम हाती घेतला, अफाट खर्च केला, आणि ती हमाली संपवली. त्याच मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेस यांच्या काळापासून रुग्णसेवेची थोर परंपरा आहे, आणि तिथल्या काय किंवा मुंबईतल्या काय, अतिदक्षता विभागात परिचारिका आजही एका यंत्रावरचा आकडा उतरवते आणि दुसऱ्यावर चढवते. चार वर्षे शिकलेल्या, जीव ओळखण्याची नजर कमावलेल्या बाईला आपण हमाल करून ठेवले आहे. मॉनिटर क्षणोक्षणी मोजतो. तिच्या चार्टवर तासाला एक आकडा जातो. दोन आकड्यांच्या मधल्या तासात काय घडले ते यंत्राच्या स्मृतीत काही काळ राहते आणि रुग्ण खाटेवरून हलला की पुसले जाते.

आता कंपन्यांच्या हरकतींकडे वळू. पहिली हरकत सुरक्षिततेची: यंत्रे खुली केली तर हॅकर शिरतील. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर संगणक-विषाणूने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना विळखा घातला तेव्हा तिथली यंत्रे काय सर्वमान्य भाषा बोलत होती म्हणून सापडली? सापडली ती डागडुजी न केलेल्या विंडोजमुळे. गुप्त मांडणी म्हणजे सुरक्षित मांडणी, हा समज सुरक्षाशास्त्रात कधीच मोडीत निघाला आहे. पाठीमागच्या साध्या सीरियल खाचेला ना ओळखपत्र लागते ना कूट. नव्या मानकांत दोन्ही लागतात. तेव्हा सुरक्षिततेच्या नावाने गळा काढणाऱ्यांनीच नवी मानके आधी स्वीकारावीत.

दुसरी हरकत मात्र खरी आहे आणि आम्ही ती झटकणार नाही. एका कंपनीच्या ऑक्सिमीटरचा चुकीचा आकडा वाचून दुसऱ्या कंपनीचा पंप थांबला, वेदनेने रुग्ण तळमळला किंवा जीवरक्षक औषध बंद पडले, तर जबाबदार कोण? हा प्रश्न अवघड आहे, आणि म्हणूनच मानकांत आकड्यासोबत त्याची विश्वासार्हता, मोजल्याची वेळ आणि यंत्राची ओळख पाठवावी लागते, आणि म्हणूनच आराखड्यात नोंदक आहे. अमेरिकेच्या एफडीएने सप्टेंबर २०१७ मध्ये यंत्रउत्पादकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. इतर यंत्रांशी बोलणाऱ्या यंत्राची रचना करताना कोणते धोके तपासायचे आणि जोडणीविषयी खरेदीदाराला कोणती माहिती लेबलात द्यायची, हे त्यांत सांगितले आहे. जबाबदारी वाटता येते, तिच्या सीमा लिहिता येतात. आजच्या व्यवस्थेतही जबाबदारी वाटलेलीच आहे. ती सगळीच्या सगळी खाटेपाशी उभ्या असलेल्या माणसावर टाकलेली आहे. कंपन्यांना हीच वाटणी सोयीची वाटते यात नवल नाही. ती आपण का मान्य करावी?

तिसरी हरकत खर्चाची, आणि ती तर उलटीच आहे. वेस्ट हेल्थ इन्स्टिट्यूटने २०१३ मध्ये अंदाज मांडला की यंत्रे परस्परांशी बोलू लागली तर अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेचे वर्षाला ३० अब्ज डॉलरहून अधिक वाचतील. तो आकडा आमच्या देशाला जसाच्या तसा लागू पडत नाही, हे उघड आहे. पण एक गोष्ट इथेच जास्त लागू पडते. आमच्याकडची गुंतागुंतीची यंत्रे मुख्यतः परदेशातून येतात. एकदा एका कंपनीचा मॉनिटर आणि सेंट्रल स्टेशन घेतले की पुढची दहा वर्षे खाटा, सुटे भाग, देखभाल करार, सारे त्याच दारातून. पुण्याच्या किंवा नाशिकच्या एखाद्या तरुण उद्योजकाने उत्तम सिरिंज पंप बनवला तरी तो त्या कुंपणात शिरू शकत नाही. खुले मानक हे त्या उद्योजकासाठी उघडलेले दार आहे. स्वदेशीच्या घोषणा देणाऱ्या सरकारला हे दिसू नये?

सरकारचे म्हणाल तर त्याने कागदावर लिहायचे ते लिहिलेले आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये काढली, २०१६ मध्ये सुधारली. त्या २०१६ च्या मानकांत वैद्यकीय यंत्रांच्या जोडणीसाठी आयईईई ११०७३ चे नाव स्पष्ट लिहिले आहे. ही मानके समजावून सांगणारे राष्ट्रीय केंद्र पुण्यात, सी-डॅकमध्ये आहे. दारात गंगा आहे! वैद्यकीय उपकरण नियम २०१७ मध्ये आले, एप्रिल २०२० पासून सर्व उपकरणे कायद्याच्या कक्षेत आली, सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले, एप्रिल २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय उपकरण धोरण मंजूर झाले. एवढ्या साऱ्या मांडणीत, खाटेजवळचे यंत्र दुसऱ्या यंत्राशी बोललेच पाहिजे, नाहीतर ते सरकारी पैशाने विकत घेतले जाणार नाही, एवढे एक बंधनकारक वाक्य नाही. नागरिकाच्या हाती आरोग्य खाते क्रमांक दिला, पण त्या खात्यात अतिदक्षता विभागातले त्याचे आयुष्यातले सर्वांत निकराचे तास कधी पोचतच नाहीत.

म्हणून आमची मागणी खरेदीच्या टेबलापाशी आहे. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरलची पालक संस्था, जॉन्स हॉपकिन्स आणि कायझर पर्मनन्टे यांनी मिळून खरेदी करारात घालायच्या अटींचा एक नमुना जाहीर केला होता: आम्हाला यंत्रे विकायची तर ती परस्परांशी जोडता आली पाहिजेत. खासगी रुग्णालयांना जे सुचले ते राज्य सरकारला का सुचू नये? महाराष्ट्राने २०२३ मध्ये कायदा करून वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन केले आहे. राज्यभरच्या सरकारी रुग्णालयांची एकवटलेली खरेदी ही केवढी ताकद आहे! प्राधिकरणाने मॉनिटर, व्हेंटिलेटर आणि पंपांच्या प्रत्येक निविदेत ११०७३ ची अट घालावी. गेटवे, परवाना आणि जोडणी यांची किंमत मूळ किमतीतच धरावी, म्हणजे एल-वन (सर्वांत कमी बोली) ठरवताना स्वस्त पण मुके यंत्र स्वस्त दिसणार नाही. आकड्यांची मांडणी रुग्णालयाच्या स्वाधीन करण्याचे आणि यंत्राचे घड्याळ जाळ्यावरून लावून घेण्याचे कलम असावे. कंपनीच्या माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नये. दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रे समोरासमोर जोडून चाचणी घ्यावी. चाचणीसाठी माणसे आणि जागा शोधायला परदेशी जायला नको, सी-डॅक पुण्यात आहे आणि आयआयटी मुंबईत वैद्यकीय उपकरणांवर काम करणारे बेटिक हे केंद्र आहे. आणि तांत्रिक समितीत अतिदक्षता विभागातली एक इन्चार्ज सिस्टर आणि एक बायोमेडिकल इंजिनिअर मताधिकारासह बसलेच पाहिजेत. आहेत ती जुनी यंत्रे उद्या फेकून द्या असे आम्ही म्हणत नाही. ती आपले आयुष्य संपवतील. नव्याने एकही मुके यंत्र आत येऊ नये.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या धर्मादाय आणि खासगी रुग्णालयांनाही हेच सांगणे आहे. अतिदक्षता विभागाच्या एका दिवसाचे भाडे कुटुंबाला कर्जात लोटते, तेव्हा त्या भाड्यात यंत्रांनी एकमेकांशी बोलणे धरलेले असले पाहिजे. त्यांनी अटी घातल्या तर कंपन्या चार दिवसांत वाकतील, कारण हीच यंत्रे त्या कंपन्या इतरत्र मानकासह विकतात किंवा विकण्याची तयारी दाखवतात.

प्राधिकरणाची मॉनिटर आणि व्हेंटिलेटरची पुढची निविदा निघेल तेव्हा तांत्रिक अटींचे प्रत्येक पान आम्ही वाचणार आहोत. जोडणीची अट त्यात असली तर तिचा शब्दन्‌शब्द छापू. नसली तर ती वगळण्याचा निर्णय कोणत्या पदावरच्या अधिकाऱ्याने, कोणत्या तारखेला, कोणत्या कारणाने घेतला, हे माहिती अधिकारात विचारू, आणि मिळालेले उत्तर याच जागी छापू.